काळ्या मखमलीवर दोघी

एदमे : डब्याला हात लावू नकोस, गास्पार. आधी माझं ऐकून घे.

गास्पार : हात कुठे लावला? नुसता टेबलावर ठेवला.

एदमे : उन्हात ठेवलास.

गास्पार : पत्र्याचा डबा, त्यावर काळा कागद, त्यावर चिकटपट्टी. आत शिरायला उन्हाला दार तरी हवं ना.

एदमे : तरी सावलीत सरकव. वर्षभर मावशीनं तळघरात चीजच्या फळीवर जपला तो. आणि इथे आणल्याआणल्या तू त्याला शेकायला ठेवलास.

गास्पार : हा बघ, सरकवला. चीजपेक्षा याचेच लाड जास्त झाले. आता सरक जरा, मखमल नीट ताणू दे. खाली सुरकुती पडलीय.

एदमे : मखमल राहू दे. मी रात्रभर विचार केलाय. ती फिल्म आज कॅमेऱ्यात घालायचीच नाही. आहे तशी धुऊ या. जे उमटलंय ते उमटलंय.

गास्पार : अर्धा नाच उमटलाय, एदमे.

एदमे : अर्धा नाही. माझा अख्खा नाच आहे तो.

गास्पार : दाराकडच्या बाजूला. चुलीकडची बाजू कोरी आहे. काळ्यासमोर फिल्म कोरी राहते, म्हणून तर एवढी मखमल टांगली. तीच फिल्म उलटी गुंडाळायची, पुन्हा सोडायची आणि कोऱ्या बाजूला पुन्हा तूच नाचायचंस. तुझी जोडीदार तूच. आणि ही कल्पना काही माझी नव्हे. कॅफेत त्या सगळ्या शहाण्या मंडळींपुढे तूच बोललीस, तेव्हा त्यांचे चमचेसुद्धा थांबले होते.

एदमे : तेव्हा मला कंबर होती.

गास्पार : आत्ताही आहे.

एदमे : आहे, पण ती माझी नाही. कुणाची तरी घालून आल्यासारखं वाटतं. हळू बोल, नोएमी उठेल. तिची टोपली चुलीच्या फार जवळ नाही ना? मला धुराचा वास येतोय.

गास्पार : मातीचा वास आहे तो. काचघर आहे हे, रोपांचं.

एदमे : ती हलत नाहीये.

गास्पार : झोपलेलं माणूस हलत नाही.

एदमे : श्वास बघ.

गास्पार : बघितला.

एदमे : इथून बघितलास. जवळ जाऊन बघ.

गास्पार : हं, गेलो. घेतेय श्वास. घोरतेय, आजीसारखी. आता बोल. एवढी भीती कसली वाटतेय तुला?

एदमे : तुला खरंच कळत नाही, की वेड पांघरतोस? थिएटरात मी कोण होते? मागच्या रांगेतली मुलगी. पुढच्या बाईचा पिसारा जरा मोठा असला की मी दिसायचेसुद्धा नाही. आयुष्यात एकदा एकटी नाचले, ती इथे, तुझ्यासमोर. आणि तो नाच अजून कुणी पाहिलेला नाही. मीही नाही. त्या डब्यात अंधारात पडलाय. आज त्याच पट्टीवर दुसऱ्यांदा चढायचं. मी अडखळले, पोर रडली, तुझा हात चुकला, तर दुसरी तर जाईलच, पण पहिलीही जाईल. मी तिच्या अंगावरून गेले तर ती धुरासारखी होईल. तूच सांगितलं होतंस.

गास्पार : अंगावरून गेलीस तर. कशाला जाशील? ती दाराकडे, तू चुलीकडे. मध्ये खडूची रेघ आहे.

एदमे : आणि ती पुसली तर?

गास्पार : एदमे, रेघा आपोआप पुसत नाहीत.

एदमे : बिघडली तर पुन्हा पहिल्यापासून करू, असं तू म्हणणार. ते होणार नाही. ती उडी आता माझ्या अंगात नाही. घरी खुर्चीला धरून बघितली मी. माझी आई बारशाला काय म्हणाली आठवतंय? हातचं सोडून पळत्याच्या मागे लागू नये, आणि नाच काय, झाला तेवढा पुष्कळ झाला. तेव्हा मी रागावले. आता वाटतं, निदान पहिलं तरी बरोबर बोलली.

गास्पार : मग माझंही ऐक. काळ्या पडद्यापुढे एकटी नाचणारी बाई लोक वीस वर्षं जत्रेच्या तंबूत बघताहेत. रविवारी फिल्म सोसायटीच्या हॉलमध्ये ती दाखवली तर टाळ्या पडतील आणि सगळे कोट शोधायला लागतील. दोघी दिसल्या तर कुणी उठणार नाही. आणि थांबायला वेळ नाही. काचघराचा मालक मस्यू पिनार, त्याची जिरेनियमची रोपं सोमवारी इथे येणार. तो म्हणाला, तुमची कला जून महिन्यातही होईल, माझी रोपं थंडीत मरतील.

एदमे : बरोबरच आहे त्याचं. दार वाजलं. कोण आहे? वारा आत येतोय, टोपली तिकडे आहे.

मादाम ग्लाफिरा : मी आहे. दार लावते. दोघं भांडताय ते रस्त्यावरच्या कोबीवालीलाही ऐकू येतंय. ती तुझ्या बाजूची आहे, पोरी.

एदमे : मादाम, तुम्ही? गास्पार, तू मादामना बोलावलंस?

मादाम ग्लाफिरा : मला कुणी बोलावत नाही. ट्राम आली, मी बसले. गेल्या वर्षी तापानं पडले होते म्हणून हिचा नाच हुकला. माझी शिष्या एकटी नाचते आणि मी अंथरुणात मोहरीच्या पट्ट्या लावून. आज हुकवायचा नाही. फोटोवाल्या, खुर्ची दे. आणि चहा करणार असशील तर तुमचा नको, पाण्यासारखा असतो.

गास्पार : मादाम, हिला समजवा. फिल्म धुऊनच टाकू म्हणतेय.

मादाम ग्लाफिरा : समजावायला मी काय पाद्री आहे? पोरी, शाल काढ. उडी दाखव.

एदमे : आत्ता? अंग गरम नाही. आणि सुईण म्हणाली होती, वर्षभर तरी…

मादाम ग्लाफिरा : सुईण नाचत नाही. दाखव.

एदमे : …झाली.

मादाम ग्लाफिरा : कुठे झाली? चिखल ओलांडलास.

एदमे : बघ, गास्पार. मी तेच सांगत होते.

मादाम ग्लाफिरा : हात मात्र चांगले आलेत. पूर्वी तुझे हात वाळत घातलेल्या मोज्यांसारखे असायचे. आता त्यांना काहीतरी धरायची सवय झालेली दिसते. बरं. फिल्म न घालता एकदा अख्खं करून बघा. रिकामा कॅमेरा फिरवायला काय जातं? मी काठीनं ताल देते.

गास्पार : मला ताल नको, मादाम. माझा माझ्याकडे असतो. सैन्यात असताना बँडची एक चाल होती, ती मनात म्हणत मी हँडल फिरवतो. पहिल्या दिवशीही तीच म्हटली. कॅमेऱ्याच्या हँडलाला घड्याळ नसतं, ते गाणंच त्याचं घड्याळ.

मादाम ग्लाफिरा : मग म्हण. पोरी, उभी राहा. चुलीच्या बाजूला. रेघ सांभाळ. सुरू.

एदमे : नोएमीवर लक्ष ठेवा हं कुणीतरी. मला तिकडे पाठ करावी लागते.

मादाम ग्लाफिरा : एक. दोन. पाठ सरळ. गिरकीत डोळे मागे ठेवू नकोस. हं. हं. थांब. थांबा दोघं.

एदमे : काय झालं? रडली का ती?

मादाम ग्लाफिरा : कुणी रडलं नाही. फोटोवाल्या, तुझ्या हँडलाचा आवाज माझ्या काठीच्या मागे राहतोय.

गास्पार : काठी पुढे पळत असेल.

मादाम ग्लाफिरा : ही काठी माझ्या हातात चाळीस वर्षं आहे. पीटर्सबर्गला वाद्यवृंदाचा मुख्य माझ्या वर्गाच्या दाराशी उभा राहून हिच्यावर आपला ताल जुळवून जायचा. ती पळत नाही. गुणगुणणं बंद कर. डोळे मीट. आता नुसतं फिरव.

गास्पार : हे फिरवलं.

मादाम ग्लाफिरा : पोरी, तूही डोळे मीट. हा आवाज ऐक. कुठे ऐकलाय?

एदमे : …पाळणा.

गास्पार : काय?

एदमे : पाळण्याची लय आहे ती. तुझ्या उजव्या हाताची. पहाटे तू एका हातानं पाळणा हलवतोस आणि दुसऱ्यानं पुस्तक धरतोस, तेव्हाची. अगदी तीच. मी अंथरुणात ऐकत असते. थांबली की दचकून उठते.

गास्पार : नाही. मी चाल म्हणत होतो. बँडची.

मादाम ग्लाफिरा : तोंडानं बँड वाजत होता. हात अंगाई गात होता.

गास्पार : थांबा. पुन्हा करतो. हे बघा.

मादाम ग्लाफिरा : आता घोडा उधळला.

गास्पार : हे?

मादाम ग्लाफिरा : आता पुन्हा पाळण्यात.

एदमे : पण त्यानं काय होतं? जरासा फरक पडला तर काय होतं, गास्पार? सांग ना.

गास्पार : हात हळू फिरला की पडद्यावरचं माणूस घाईत पळतं. पहिली त्या वेळच्या हातावर आहे, ती सावकाश वर जाईल, तरंगेल. आणि तू तिच्या शेजारी कोंबडीसारखी तुरुतुरु. लोक हसतील. मलाच कळलं नाही, एदमे. मला वाटायचं, बाकी सगळं चुकेल माझं, पण हात नाही चुकणार. फिल्म कंपनीच्या बातमीपटात काम केलं, सायकलींच्या शर्यती घेतल्या, खाली चिखल, वर पाऊस, हात कधी हलला नाही. आणि पाच महिन्यांच्या पोरीनं तो काढून घेतला.

एदमे : तिला नको बोलूस.

गास्पार : तिला नाही बोलत. जाऊ दे. तूच बरोबर होतीस. चिकटपट्टी काढू नकोस, डबा तसाच घरी नेऊ. संध्याकाळी धुतो. आहे तो नाच तर आपल्या हाती लागेल.

मादाम ग्लाफिरा : हँडल मी फिरवते.

गास्पार : मादाम, हा कॅमेरा आहे. चहाचा समोवार नाही.

मादाम ग्लाफिरा : समोवारला हँडल नसतं. काठीच्या एका ठोक्याला हाताचा एक फेरा, एवढंच ना? सरक. ऐक. चूक काढ.

गास्पार : ऐकतोय. फिरवा.

मादाम ग्लाफिरा : काढ ना. एवढा वेळ तोंड चालत होतं.

गास्पार : रेघ ओढल्यासारखं चाललंय.

मादाम ग्लाफिरा : बरं. हात तयार आहे. आता निर्णय माझा नाही, तुझाही नाही. त्या डब्यात जी आहे तिची मालकीण ही आहे. तिला विचार.

गास्पार : तिनं सकाळीच सांगितलंय. मी ऐकलं नव्हतं. आता ऐकतोय.

एदमे : गास्पार, ती कशी होती?

गास्पार : कोण?

एदमे : पहिली. मला तो नाच आठवतो, पण आतून आठवतो. पायाखालच्या फळ्या, गुडघ्याची कळ, हे सगळं. बाहेरून फक्त तू बघितलीस. मी वर्षभरात विचारलं नाही तुला. दुसऱ्या दिवशी ढग आले, मग माझ्या उलट्या सुरू झाल्या, मग विचारायचा धीरच झाला नाही. कशी होती?

गास्पार : सुरुवातीला घाबरलेली. मखमलीला चिकटून उभी, जणू मागे भिंत आहे. मग दोन पावलं पुढे आलीस आणि विसरलीस मी आहे ते. गिरकी घेतलीस. उडीच्या आधी तू जरा खाली वाकतेस ना, तिथे मला वाटलं, आता ही उडत नाही, बसतेय. आणि गेलीस वर. भिंगात माझ्या चौकटीच्या वरच्या कडेला तुझे केस लागले. मी श्वास घेतला नाही, हात हलेल म्हणून.

एदमे : आणि शेवटी?

गास्पार : शेवटी तू रेघेपर्यंत आलीस आणि हात पुढे केलास. चुलीकडे. ठरल्याप्रमाणे. तिथे कुणी नव्हतं, चूल होती आणि पिनारची पाण्याची झारी होती. तू तरी हात काढला नाहीस. मी फिल्म संपेपर्यंत फिरवत राहिलो.

एदमे : म्हणजे ती वर्षभर तशीच उभी आहे. हात पुढे करून.

गास्पार : आत्ता काय, उमटलंय ते तसंच राहणार.

एदमे : आज धुतली तर लोक म्हणतील, ही कुणाकडे हात करतेय? ती कुणाकडेच करत नाहीये असं दिसेल. नेहमीसाठी. मादाम, तुमचा हात थकणार नाही ना?

मादाम ग्लाफिरा : माझा हात क्रांतीत थकला नाही.

एदमे : गास्पार, भर फिल्म. मी पुन्हा घाबरायच्या आत भर. पण एक अट आहे. तू मला सांगत राहायचंस. आत्ता ती कुठे आहे, काय करतेय, सगळं. आवाज कुठे उमटतो या फिल्मवर? बोल हवं तेवढं.

गास्पार : बोलतो. मी तिचं पाऊलन्‌पाऊल सांगतो तुला. काळं कापड दे. डोकं आत घालतोय, कुणी हलवू नका… बसली. कॅमेऱ्याच्या दातांनी भोकं बरोबर पकडलीत. सुरुवातीच्या खुणेपर्यंत उलटी गुंडाळलेली आहे. मादाम, मी "हं" म्हटलं की.

एदमे : नोएमी. ती उठली. नाही, आता नाही. गास्पार, बघ ना ती…

गास्पार : घेतो, घेतो. ये गं, ये. ओली नाहीये. भूकही नाही, झोपायच्या आधीच तर पाजलंस. हिला फक्त बघायचंय काय चाललंय.

एदमे : रडली तर मी थांबेन हं. मला नाही जमायचं ते.

गास्पार : नाही रडणार. माझ्या उजव्या हाताला आज दुसरं काम नाही.

मादाम ग्लाफिरा : ऊन भिंतीवरून उतरायला लागलंय. बाळंतपणाच्या गप्पा नंतर.

एदमे : तू कुठे उभा राहणार? इथून मला तू दिसत नाहीस. मादाम मध्ये आहेत.

गास्पार : दाराकडे कुंड्यांचं बाकडं आहे, त्यावर चढतो. आता दिसतो?

एदमे : खाली उतर. ते डुगडुगतं. पोर आहे हातात.

गास्पार : पिनार त्यावर जिरेनियमची अख्खी बाग ठेवतो. उभी राहा, एदमे. खडूची रेघ दिसतेय? मादाम… हं.

मादाम ग्लाफिरा : एक. दोन.

गास्पार : ती अजून मखमलीला चिकटून आहे. तूही राहा. घाबरलेली राहा, छान आहे.

एदमे : ते करावं लागत नाहीये.

गास्पार : ती निघाली. दोन पावलं. तुझ्याकडे बघत नाही अजून. तूही नको बघू. हं, आता तिनं मान वळवली. तुझ्याकडे. आता बघ. जरा वर, तुझी मान फार खाली आहे.

एदमे : अशी?

गास्पार : अशी. ती हसतेय. मला नव्हतं आठवत हे, आत्ता आठवलं. ती हसली होती. गिरकी. तूही. सावकाश. आली तुझ्यासमोर.

मादाम ग्लाफिरा : कोपर.

एदमे : मला दम लागतोय.

मादाम ग्लाफिरा : नाकानं घे. कोपर म्हटलं ना.

गास्पार : ती मागे सरली. जागा घेतेय. एदमे, आता उडी आहे. ती वाकली. तू वाक. ती निघा… अरे.

एदमे : गास्पार!

गास्पार : काही नाही. कुंडी सरकली पायाखाली. उभा आहे मी, उभा आहे. तू नाच.

एदमे : नोएमी पडली का? ती कुठे आपटली का?

गास्पार : हसतेय ती. नाच, एदमे. पहिली खाली आली, उतरली. आता तुझ्याकडे येतेय. चल, रेघेकडे. पाय.

मादाम ग्लाफिरा : मी थांबत नाही. चल पुढे.

गास्पार : आली ती. हात पुढे केला. खांद्याच्या जरा खाली. तुझा हात दे. आणखी. आणखी जरा… तिथेच. तसंच राहा. तसंच.

मादाम ग्लाफिरा : फिल्म संपली. खटखट करतंय हे.

गास्पार : झाकण घालतो. मादाम, हिला धरा.

एदमे : इकडे द्या. माझ्याकडे द्या. बघू डोकं. इथे लाल दिसतंय.

मादाम ग्लाफिरा : टोपीची कड रुतलीय. पोरीला काही झालेलं नाही.

एदमे : मी उडी मारलीच नाही, मादाम.

मादाम ग्लाफिरा : पाहिलं.

एदमे : थांबले. मध्येच. दगडासारखी उभी राहिले, तोंड उघडं टाकून. सगळ्या नाचात तेवढी एकच जागा होती आणि मी… बोल ना गास्पार. वाट लावली ना मी? दोघींची?

गास्पार : मला माहीत नाही.

एदमे : खोटं तरी बोल.

गास्पार : उद्या सकाळपर्यंत खोटंही बोलता येणार नाही. धुतल्याशिवाय कुणालाच काही कळत नाही.

(दुसऱ्या दिवशी सकाळी, दोघांच्या घरी. स्वयंपाकघरात आडव्या दोरीवर ओली फिल्म टांगलेली आहे.)

एदमे : नोएमीच्या आंघोळीच्या टबात, गास्पार. तिच्या टबात ती फिल्म धुवायची औषधं ओतलीस.

गास्पार : दुसरं एवढं मोठं भांडं घरात आहे कुठे? तीनदा घासलाय. सोड्यानं.

एदमे : नवा टब आणायचा. आजच. तोवर तिला सिंकमध्ये घालीन. मादाम, त्या दोरीला डोकं लावू नका, थेंब पडताहेत.

मादाम ग्लाफिरा : मला कॉफी दे आणि तू इकडे ये. सकाळपासून ही खिडकीकडे तोंड करून भांडी घासतेय. घासलेलीच घासतेय.

एदमे : मी नाही बघत. तुम्ही बघा आणि सांगा. आहे का ती?

गास्पार : आहे.

एदमे : धुरासारखी झाली?

गास्पार : नाही. जरा फिकट आहे, वर्ष गेलं ना मध्ये. पण नखापर्यंत आहे. रेघ कुणी ओलांडलेली नाही.

एदमे : आणि मी?

गास्पार : तू ठळक आहेस. मादामचा हात यंत्रासारखा चाललाय. तू पळत नाहीस.

एदमे : हात?

गास्पार : शेवटचा? बोटभर अंतर राहिलंय. लागले नाहीत हात.

एदमे : अगदीच लागले नाहीत?

मादाम ग्लाफिरा : बरं झालं. लागले असते तर ती जत्रेतली भुताची करामत दिसली असती. फोटोवाल्या, ती उडी कुठे आहे?

गास्पार : इथे. या खिडकीच्या उजेडात धरा. काळं ते पांढरं समजा, पांढरं ते काळं. एदमे, खरंच ये. नोएमीला मी घेतो. ये.

एदमे : कुठे?

गास्पार : ही. ही वर गेलेली.

एदमे : …ही मी?

मादाम ग्लाफिरा : माझी शिष्या आहे. दिसतंय.

एदमे : एवढी वर गेले होते? तू सांगितलंस तेव्हा मला वाटलं, नवरा म्हणून सांगतोयस. मादाम, बघा ना, पाय बघा तिचे.

मादाम ग्लाफिरा : बघतेय. डावा पाय आळशी आहे. पण उडी आहे. आता शेजारची बघ.

एदमे : शेजारची नको.

मादाम ग्लाफिरा : बघ म्हटलं.

एदमे : मान वर. तोंड उघडं. डोळे हे एवढे. मी गास्पारला हाक मारत होते तेव्हाचं आहे हे. बाकडं हललं आणि नोएमी त्याच्या खांद्यावरून खाली येते की काय असं झालं. मी त्या पहिलीकडे बघतच नव्हते. ती एवढी वर गेली आणि मी बघितलंसुद्धा नाही.

गास्पार : मी बरोब्बर तिच्या मागे उभा होतो, चौकटीबाहेर, बाकड्यावर. म्हणून तशी नजर गेलीय. तिच्यातूनच आरपार.

मादाम ग्लाफिरा : रविवारी हॉलमध्ये बाकडं कुणाला दिसणार नाही. लोक म्हणतील, बाई स्वतःचीच उडी बघून थक्क झाली.

एदमे : म्हणू देत. गास्पार, नोएमीच्या मानेखाली हात दे.